दिवाळीचा किल्ला, लहान मुलांच्या मापाचा: माती, सांगाडा, अळीव आणि इतर भानगडी

माळवद

दिवाळी तोंडावर आली की किल्ल्याचे प्रश्न दहा ठिकाणी सुटे सुटे विचारले जातात. सगळं एकत्र असावं म्हणून हा धागा. मुलं अडीच ते सात वर्षांची धरली आहेत. दहा-बारा वर्षांची पोरं आपला किल्ला आपण करतात, त्यात मोठ्यांनी नाक खुपसू नये.

माप मुलाच्या हातावरून ठरवायचं. तीन-चार वर्षांच्या मुलाचा हात बसल्या जागेवरून जेमतेम दीड फूट पोचतो. किल्ला भिंतीला टेकून असेल तर खोली दोन फुटांहून जास्त नको आणि उंची दीड फुटाहून जास्त नको. लांबी चार फूट पुष्कळ झाली. याहून मोठा केला की मूल प्रेक्षक होतं आणि बाबा चिखलात बसलेले दिसतात.

किल्ला पोकळच करावा. ४ × २ × १.५ फुटांचा किल्ला भरीव केला तर ओल्या मातीचं वजन दीडशे-दोनशे किलो होतं, आतली माती आठवडाभर वाळत नाही आणि खाली पाणी सुटतं. पोकळ सांगाड्यावर दीड इंच जाडीचा थर दिला तर ३५ लिटरच्या आसपास, म्हणजे साडेतीन घमेली माती पुरते.

सांगाड्याला लागतं ते असं: १०-१२ विटा, एक पालथी बादली (बालेकिल्ल्यासाठी), एक-दोन पालथे क्रेट आणि तागाची दोन पोती. पोती उसवून मोकळी करायची. मातीचा धिरड्याच्या पिठाइतका पातळ राबडा करून त्यात ती पंधरा मिनिटं बुडवायची, निथळायची आणि विटा-बादलीवर पसरायची. सुरकुत्या पडू द्याव्यात, त्याच पुढे घळी आणि सोंडा होतात. रात्रभर तसंच ठेवलं की सकाळी पोतं कडक होतं, मग त्यावर जाड मातीचा हात फिरवायचा.

पोतं तागाचंच हवं. खताच्या किंवा सिमेंटच्या प्लास्टिक गोणीवर माती धरत नाही, दुसऱ्या दिवशी अख्खा कडा घसरून खाली येतो. पुठ्ठ्याचे खोकेही नकोत. ओल लागली की दोन दिवसांत खोकं बसतं आणि किल्ल्याला कमरेपाशी आडवी भेग जाते. ती भेग कितीही लिंपली तरी परत उघडते, कारण खालचा आधारच गेलेला असतो.

वेळापत्रक वसुबारसेपासून उलटं मोजावं:

९ दिवस आधी: माती आणून उन्हात पसरणे, चाळणे.
७ दिवस आधी: सांगाडा आणि पोती. हे मोठ्यांचं काम.
६ दिवस आधी: पहिला हात.
५ दिवस आधी: भेगा बुजवणे, दुसरा हात आणि लगेच ओल्यावरच अळीव-मोहरी पेरणे.
पुढचे तीन-चार दिवस: तट, बुरूज, पायऱ्या, रोज थोडं थोडं.
वसुबारस: मावळे.

हे सगळं एका रविवारी उरकायला गेलं तर उरकतंही. फक्त तीन वर्षांचं मूल पंधरा-वीस मिनिटांत उठून जातं आणि उरलेला किल्ला मोठेच बांधतात. रोज थोडं काम शिल्लक ठेवणं हीच खरी युक्ती.

सोनकी

वाचनखूण साठवली. एक प्रश्न: आमच्या भागात काळी मातीच मिळते. तिला भेगा पडतात म्हणतात, मग लाल माती विकतच आणायची का?

कुरुंद

गरज नाही. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून भेगा. ताकद तिच्यात भरपूर आहे, आकसणं तेवढं आवरायला हवं. समभाग वाळू मिसळा. शिवाय दर घमेल्यामागे दोन मुठी काथ्या किंवा वाळलेलं गवत, इंचभर लांबीचं कापून. तंतू भेगेला धरून ठेवतात. भिंती लिंपताना मातीत भुसा घालतात तो याचसाठी.

कुठलीही माती असो, आधी वळी करून पाहा. ओल्या मातीची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब वळी करायची आणि तिचं कडं वळवायचं. वळीच होत नसेल किंवा वळवायला घेताच तुकडे पडले तर माती फार रेताड, थोडी चिकणमाती घाला. तडा न जाता गुळगुळीत कडं झालं तर फार चिकट, वाळू घाला. कडं होतंय पण बाहेरच्या बाजूला बारीक चिरा दिसताहेत, ही किल्ल्याची माती. हे काम मुलांना द्या, तासभर वळ्या करत बसतील. त्या वळ्या तटाला वापरता येतात.

कुंड्यांसाठी तयार मिळणारी माती (कोकोपीट आणि खत घातलेली) नुसती वापरू नका. हलकी असते, बांधून राहत नाही, दुसऱ्या दिवशी पोपडे सुटतात. हिरवळ हवी तिथे वरून अर्धा इंच पसरायला मात्र उत्तम.

शाडू फक्त बारीक कामाला: दरवाजा, तोफा, मावळे.

पागोळी

धागा चांगला आहे, पण एक गोष्ट सर्वांत वर असायला हवी होती. गॅलरीत किल्ला कठड्याला लागून करू नये. दीड फुटाचा किल्ला म्हणजे मुलासाठी दीड फुटाची पायरी. कठडा सव्वातीन-साडेतीन फुटांचा असेल तर किल्ल्यावर चढलेल्या मुलाला तो पावणेदोन-दोन फूटच उरतो. किल्ला घराच्या भिंतीच्या बाजूला घ्या आणि कठड्यापासून हातभर जागा मोकळी सोडा. विटांचा उरलेला ढीग आणि पालथ्या बादल्याही कठड्याजवळ ठेवू नका.

मातीबद्दल: मोकळ्या मैदानातली किंवा बांधकामाजवळची माती आणली असेल तर त्यात काचा, खिळे आणि कुत्र्या-मांजरांची घाण हमखास असते. धान्याच्या चाळणीने चाळून दोन-तीन दिवस कडक उन्हात पातळ पसरून ठेवावी. मुलांची नखं आधी कापावी. हातावर जखम असेल तर त्या दिवशी मातीकाम नको, बी टाकायचं काम द्यावं. लसीकरणाचं कार्डही एकदा पाहून घ्या. सरकारी वेळापत्रकात त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर १६ ते २४ महिन्यांत आणि दुसरा ५ ते ६ वर्षांत असतो. हा दुसरा डोस शाळेच्या गडबडीत राहून जातो आणि धनुर्वाताचं संरक्षण त्यातच आहे.

माळवद

पागोळी, कठड्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

आता हिरवळ. सगळ्यात जास्त प्रश्न हिच्यावर येतात.

अळीव: दर चौरस फुटाला एक चहाचा चमचा, सपाट. दोन दिवसांत मोड, पाच-सहा दिवसांत इंचभर. भिजवून ठेवायचे नाहीत. भिजवले की बुळबुळीत गोळा होतो, तो पसरता येत नाही आणि एकाच जागी झुपका उगवतो. कोरडेच ओल्या मातीवर भुरभुरायचे आणि तळव्याने दाबायचे. वर माती टाकायची नाही. भिजल्यावर बियांना सुटणारा चिकट पदार्थच त्यांना धरून ठेवतो, म्हणून उभ्या कड्यावर फक्त अळीवच टिकतात.

मोहरी: दीड चमचा. तीन-चार दिवस. घरंगळते, म्हणून माचीवर (बालेकिल्ल्याखालच्या सपाट भागावर) किंवा पायथ्याला.

नाचणी: चार-पाच दिवस, गवतासारखी बारीक पाती. पायथ्याच्या गावाजवळ शेतं दाखवायला सुरेख दिसते. मुंग्या आणि चिमण्या पळवतात.

गहू: नको. आठ दिवसांत तीन-चार इंच होतात आणि मावळे बुडतात.

पेरल्यावर पहिले दोन दिवस ओलं सुती फडकं झाकावं. तिसऱ्या दिवशी सकाळी काढायचंच. राहिलं तर कोंब पिवळे आणि लांबुळके होतात, नंतर हिरवे झाले तरी आडवे पडतात.

पाणी फवाऱ्यानेच, दिवसातून दोन-तीनदा. मुलांच्या हाती फवारा गेला की तो रिकामा होईपर्यंत थांबत नाही. त्याला समजावत बसण्यापेक्षा बाटलीत पाणीच अर्धा कप भरून द्यावं. संपलं की संपलं.

खडीसाखर

अळीव पेरून तीन दिवस झाले. मुळांशी पांढरं कापसासारखं दिसतंय. बुरशी आहे का? सगळं खरवडून टाकू?

कुरुंद

थांबा, खरवडू नका. आधी जवळून बघा. अळीव-मोहरीच्या कोवळ्या मुळांना बारीक केसांसारखी मुळं फुटतात, ती हुबेहूब बुरशीसारखी दिसतात. एकदा फवारा मारा. पांढरं एकदम दिसेनासं झालं तर ती मूळरोमं, काळजी नको. फवारल्यावरही जाळं तसंच राहिलं, बियांमध्ये कोळिष्टकासारखं पसरलेलं असलं आणि कुबट वास आला तर बुरशी.

बुरशी असेल तर बी दाट पडलंय आणि पाणी जास्त झालंय. तेवढा भाग चमच्याने उचलून टाका, एक दिवस पाणी बंद ठेवा, फडकं काढा, वारा लागू द्या. मोकळ्या जागेत परत बी टाका. पाच दिवस हातात असतील तर काही बिघडत नाही.

मुलांना ती मूळरोमं भिंगातून दाखवा. फवारा मारल्यावर ती कुठे गेली, हा प्रश्न त्यांना मावळ्यांपेक्षा जास्त आवडतो.

खडीसाखर

फवारल्यावर गायब झालं. धन्यवाद!

तटबंदी

मातीचं बरंच झालं, जरा किल्ल्याचंही बोला. नाहीतर टेकडी, त्यावर हिरवळ आणि पन्नास मावळे, एवढ्यावर काम भागतं. लहान मुलांनासुद्धा एखादा खरा किल्ला निवडून द्यावा. वर्षाला एक किल्ला आणि त्यातलं एकच वैशिष्ट्य, एवढंच. सगळं दाखवायला गेलं की काहीच लक्षात राहत नाही.

मला सुचतो तो क्रम:

दोन-तीन वर्षं: सिंधुदुर्ग. उंचीच नाही. मोठी परात किंवा जुना टब घ्या, मध्ये मातीचं बेट, भोवती पाणी. १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर याचं बांधकाम सुरू झालं. या वयाला सांगायची गोष्ट एकच: चहूकडे पाणी, आत जायला होडी. कागदाची होडी दहा मिनिटांत भिजते, म्हणून आधी तिला बाहेरून मेणबत्ती घासून घ्या.

चार-पाच वर्षं: राजगड. आराखडा सर्वांत सोपा. मधोमध उंच बालेकिल्ला (पालथी बादली) आणि तीन बाजूंना पसरलेल्या तीन माच्या: पद्मावती, सुवेळा, संजीवनी. सांगाडा करताना बादलीपासून तीन दिशांना विटांच्या तीन रांगा लावल्या की झालं. पद्मावती रुंद, बाकीच्या दोन लांब आणि निमुळत्या. रायगडाआधी राजधानी इथे होती.

सहा-सात वर्षं: रायगड. इथे महादरवाजा करून दाखवण्यासारखा आहे. दोन बुरुजांच्या मधल्या वळणात दरवाजा लपलेला असतो, समोरून दिसत नाही. मुलाला अट घाला: खाली जमिनीवर डोकं टेकवून पाहिलं तर दरवाजा दिसता कामा नये. मग तो बुरूज पुढे-मागे सरकवत बसतो आणि शत्रूला दरवाजापाशी सरळ धावत का जाता येत नव्हतं ते त्याला आपोआप कळतं. १६७४ चा राज्याभिषेक इथलाच, त्यामुळे सिंहासनालाही जागा आहे. हिरकणीच्या बुरुजाची कथा तर या वयासाठीच आहे: दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरणारी आई. कडा मात्र उभाच ठेवा, उतार दिला तर कथेत काही उरत नाही.

२०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. पुढच्या बारा दिवाळ्यांची सोय झाली.

सोनकी

बारा दिवाळ्यांनी मूल इंजिनिअरिंगला जाईल :)

तट कसा करायचा ते सांगा. नुसती मातीची भिंत उभी केली की वाळल्यावर पडते.

तटबंदी

नुसती उभी करायचीच नाही. बोटाएवढ्या जाड वळ्या एकावर एक, तीन थर. प्रत्येक थराच्या आधी खालचा थर ओल्या बोटाने पुसायचा आणि आतल्या बाजूने अंगठ्याने खाली ओढून जोडायचा. बाहेरून वळ्या तशाच दिसू द्या, दगडी थरांसारख्या वाटतात. खाली जिथे तट बसणार तिथे चमच्याच्या दांड्याने आडव्या-तिडव्या रेघा मारून राबडा लावा. कोरड्या मातीवर ओली वळी बसवली तर ती आकसताना सुटणारच.

चर्या (तटाच्या माथ्यावरचे दाते) करायला वरच्या वळीला चमच्याच्या कडेने इंच-इंचावर खाच. जंग्यांना (तटातून मारा करायच्या भोकांना) आगपेटीच्या काडीने भोक, बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं. खालच्या शत्रूवर नेम धरायचा तर भोक खालीच रोखलेलं हवं.

बुरूज हे तीन वर्षांच्या मुलांचं काम. प्लास्टिकचा पेला आतून कोरड्या वाळूने माखायचा, दमट माती दाबून भरायची, पालथा घालून टकटक करायचं. माती दमट हवी, ओली नको. मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे पण हाताला पाणी लागता कामा नये. ओली असेल तर पेल्यातून सुटत नाही आणि सुटलीच तर खाली बसते. पाच बुरूज लागत असतील तर पंधराची माती भिजवा. त्यांना थांबवणं अवघड.

पायऱ्यांना आइस्क्रीमच्या काड्या अर्ध्या मोडून, टोकं मातीत रुतवून. मोडलेल्या टोकाला कूस असते, ती आत जाऊ द्या.

बाराबंदी

हे सगळं करण्यापेक्षा बाजारात प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो. फ्लॅटमध्ये तोच सोयीचा. माती नाही, घाण नाही.

माळवद

सोय आहे, नाही कोण म्हणतं. पण मग त्यात मुलाने करायचं काय? मावळे मांडून झाले की पाच मिनिटांत खेळ संपतो. जागा नसेल तर एका घमेल्यात किंवा ताटात वीतभर उंचीचा मातीचा किल्ला करा, एक बुरूज आणि मूठभर अळीव. त्याला अर्धी बादली मातीही लागत नाही.

पागोळी

मावळ्यांबद्दल. घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर चित्रं (किल्ल्यावर मांडायच्या छोट्या मूर्ती) निवडून घ्या. संपलेल्या टॉयलेट पेपरच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती तोंडात जाऊन घशात अडकू शकते. तोफगोळे म्हणून मणी किंवा साबुदाणा ठेवतात, ते या घरात नकोत. सुटणारी ढाल-तलवार असलेले मावळे वरच्या बाजूला, रांगत्याच्या हाताबाहेर.

रस्ते पांढरे दाखवायला चुना वापरतात. लहान मुलं असताना अजिबात नको, डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. पांढरी रांगोळी किंवा खडूची भुकटी घ्या, तीही फुंकू देऊ नका.

दिवे: पणत्या किल्ल्यावर नाहीत, किल्ल्यासमोर जमिनीवर, दोन फूट लांब आणि मोठं माणूस तिथे बसलेलं असेपर्यंतच. पोत्याची टोकं मातीबाहेर राहिली असतील तर कापून टाका. वाळलेला ताग लगेच पेटतो. किल्ल्यावर फटाका लावू देऊ नका, अनार तर नाहीच. विजेची माळ ओल्या मातीवर नको, पेन्सिल सेलवर चालणारी चालेल.

आणि हे नीट वाचा: छोट्या एलईडी पणत्यांमध्ये बटणासारखे चपटे सेल असतात. ते गिळले गेले तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत आतून भाजायला लागतं. झाकणाला स्क्रू नसलेली एलईडी पणती लहान मुलांच्या घरात आणूच नका. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता, उलटी करवायचा प्रयत्न न करता, थेट रुग्णालय.

सोनकी

आमच्याकडे सहा वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा. ती बांधते, तो पाडतो, मग रडारड. यावर काही उपाय?

कुरुंद

अडीच वर्षांचं मूल पाडणारच, तेच त्याचं काम. त्याला स्वतंत्र घमेलं द्या. दोन मुठी माती, दोन पेले, एक चमचा. त्याच्या बुरुजांवर त्याने उड्या मारल्या तरी चालतील असं जाहीर करा. मोठ्या किल्ल्यावर त्याचं काम ठरलेलं: बी टाकणं, फवारा आणि रोज एक मावळा उभा करणं.

दोघं चार-सहा वर्षांची असतील तर हद्द वाटून द्या. थोरल्याला बालेकिल्ला, धाकट्याला पायथ्याचं गाव. गाव म्हणजे दुय्यम काम नव्हे हे आधी मोठ्यांनी मनात पक्कं करावं. विहीर, बैलगाडी, बाजार, नाचणीची शेतं, गुरं, सगळी मजा खालीच असते. वर नुसता पहारा.

गावात गाडी आणि डायनोसॉर येतील. येऊ द्यात.

तटबंदी

डायनोसॉरला विरोध नोंदवून ठेवतो. :D

मापाबद्दल एक. महाराजांची मूर्ती बहुतेकदा सहा-सात इंची, मावळे तीन इंची आणि दरवाजा दोन इंची. मावळा तीन इंचांचा धरला तर वीस फुटांचा खरा तट अकरा-बारा इंच उंच करावा लागेल, ते होणार नाही. म्हणून मोठे मावळे खाली पुढे, लहान वर मागे. डोळ्याला अंतर वाटतं आणि किल्ला आहे त्याहून उंच दिसतो. महाराज मात्र मोठेच ठेवावेत, तिथे माप कोणी विचारत नाही.

खडीसाखर

कारंजं करायचं आहे. सलाईनच्या नळीचं करतात ते नक्की कसं?

कुरुंद

वापरलेली सलाईनची नळी घरात आणू नका. मत्स्यालयाची पारदर्शक नळी मिळते, ती दोन मीटर घ्या. दोन लिटरची बाटली खिडकीत, किल्ल्याच्या तळापासून चार-पाच फूट वर. नळी पोत्याखालून, म्हणजे पहिला हात देण्याआधीच टाकावी लागते. नंतर खुपसायला गेलात तर कडा फुटतो. टोकाला रिकाम्या रिफिलचा दोन इंचांचा तुकडा, निबाशिवाय, भोवती रबर गुंडाळून घट्ट.

कारंजं बाटलीतल्या पाण्याच्या पातळीवर कधीच जात नाही, आणि बारीक नळीत घर्षण असल्याने उडतं त्याहून बरंच कमी. उडतच नसेल तर नळीत बुडबुडा अडकलाय. टोक खाली धरून पाणी सोडा, बुडबुडा निघून गेला की टोक वर करा. नुसतं भळभळतंय, उडत नाही, तर टोकाचं भोक मोठं आहे.

तळं मातीत खणून करू नका, पाणी मुरतं आणि तो सगळा भाग बसतो. स्टीलची खोल थाळी रुतवा आणि कडा मातीने झाका. बाटली काही मिनिटांत रिकामी होते आणि तितकंच पाणी थाळीतून ओसंडतं. म्हणून कारंजं एका वेळी एकच बाटली. नळी दाबून धरायला कपड्यांचा चिमटा, तो मुलाच्या हाती. तळ्यातलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात.

सोनकी

परतीच्या पावसाची भीती वाटते. उघड्या अंगणात किल्ला असेल तर?

माळवद

चार काठ्या किल्ल्याच्या बाहेर रोवून प्लास्टिकचा कागद तिरका बांधा, मागची बाजू बुटकी. कागद किल्ल्यावर थेट अंथरू नका, आत वाफ धरून हिरवळ एका रात्रीत सडते. पायथ्याभोवती चार बोटं खोल चर काढा, पाणी बाहेर वळवायला. फरशीवर असेल तर खाली जाड प्लास्टिक, कडा विटांवर वळवून घेतलेल्या.

गॅलरीत दुसरी अडचण येते: सगळे अळीव उजेडाच्या दिशेने वाकतात आणि किल्ला एका बाजूला कललेला दिसतो. किल्ला काही फिरवता येत नाही. मुलाला बोथट कात्री द्या, रोज थोडं थोडं समान कापू दे.

पागोळी

ते कापलेले अळीव खायला देऊ नका मात्र. माती कुठली, त्यावर काय पडलंय, सांगता येत नाही. खायचे असतील तर वेगळ्या वाटीत कापसावर उगवा.

बाराबंदी

शेवटी मोडायचा कधी आणि एवढ्या मातीचं करायचं काय? सोसायटीवाले कचऱ्यात घेत नाहीत.

माळवद

भाऊबीजेनंतर कधीही. बरेच जण तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात, पण तोवर अळीव पिवळे पडतात. मावळे आधी काढून कोरड्या कुंचल्याने झाडून ठेवा. शाडूचे असतील तर धुवायचे नाहीत, कागदात गुंडाळायचे. मग मोडायचं काम मुलांचंच.

मोडण्याआधी एक करून बघा. तांब्याने हिरवळ असलेल्या उतारावर पाणी ओता आणि तितकंच उघड्या उतारावर. उघडा उतार लगेच ओघळतो, हिरवा तसाच राहतो. नंतर हिरवळीचा एक तुकडा उचलून खालून पाहिला की मुळांचं जाळं दिसतं. घाटात दरडी का कोसळतात ते सहा वर्षांच्या मुलालाही त्यातून कळतं.

मातीचे ढेकळे फोडून दोन-तीन दिवस वाळवा आणि त्याच तागाच्या पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवा. हिरवळ वेगळी काढून कुंडीत घाला, पोत्यात राहिली तर कुजते. पुढच्या वर्षी तीच माती पुन्हा चालते. ठेवायला जागा नसेल तर सोसायटीच्या बागेत किंवा कुंड्यांमध्ये, वाळू घातलेली असेल तर थोडं शेणखत मिसळून.

कुरुंद

पुरवणी. हात, घमेली, चमचे बाथरूममध्ये धुवू नका. माती जाळीतून जाते, पुढे पाइपच्या वळणात बसते आणि चार दिवसांनी पाणी तुंबतं. बादलीत धुवायचं, बादली रात्रभर तशीच ठेवायची, वरचं नितळ पाणी झाडांना, खालचा गाळ कुंडीत. फरशीवर सांडलेली लाल माती ओल्या फडक्याने पुसू नका, सांध्यांत उतरते आणि वर्षभर दिसते. पूर्ण वाळू द्या, कोरड्या खराट्याने झाडा, मग साबणाचं पाणी.